समुद्रतळ एका दिवसात हजारो वेळा हादरतो तेव्हा

समुद्राखालच्या भूकंपमालिकांविषयी या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

कॅनडाजवळ समुद्राखाली एका दिवसात जवळपास दोन हजार भूकंप झाल्याचे वाचले. इतके होऊनही किनाऱ्यावर कोणाला काही जाणवले नाही, हे कसे? आणि अशा भूकंपांना ‘आफ्टरशॉक’ का म्हणत नाहीत?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे

आपण वाचलेली घटना ६ मार्च २०२४ ची आहे. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापासून पश्चिमेला सुमारे २५० किलोमीटरवर, हुआन दे फुका या जलमग्न पर्वतरांगेच्या एन्डेव्हर नावाच्या भागात, त्या एका दिवसात सुमारे १,८५० भूकंप टिपले गेले आणि सर्वांत गजबजलेल्या वेळी ही संख्या तासाला दोनशेच्या घरात गेली होती. मात्र या मालिकेतील मोठ्यात मोठा धक्का ४.१ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) होता. उरलेले बहुतेक धक्के इतके क्षीण होते की ते जागेवर, म्हणजे समुद्रतळावरच, ठेवलेल्या यंत्रांना तेवढे कळले. अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या माणसाला ते जाणवण्याचा प्रश्नच नव्हता.

ही मालिका का घडली, हे समजण्यासाठी या रांगेचे काम पाहावे लागते. येथे पॅसिफिक आणि हुआन दे फुका हे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे, एकमेकांपासून वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर दूर जात आहेत. ही सरासरी झाली; प्रत्यक्षात रांगेच्या माथ्यावरचा खडक रोज थोडाथोडा उकलत नाही. तो वर्षानुवर्षे ताणला जातो आणि सुमारे वीस वर्षांत एक मीटरभर ताण साठला की फाटतो. फाटलेल्या जागेत खालून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, घुसतो आणि उभ्या भिंतीसारखा पसरत जातो. भूविज्ञानात त्याला भित्ती किंवा ‘डाइक’ म्हणतात. आपण धुळ्याच्या आहात, तेव्हा अशी भित्ती पाहण्यासाठी समुद्रात जाण्याची गरज नाही: धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून आणि माळांवरून सरळ रेषेत मैलोन्मैल जाणाऱ्या काळ्या खडकाच्या रांगा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हाथर साचत होते त्या काळात, भेगांमध्ये शिरून थिजलेला शिलारसच आहे. समुद्रतळाखाली अशी भित्ती पुढे सरकत असताना तिच्या टोकाशी आणि दोन्ही बाजूंना खडक तडकत राहतो. या तडकण्याचा प्रत्येक आवाज हा एक छोटा भूकंप असतो.

आफ्टरशॉक म्हणजे पश्चात धक्के. ते एका मोठ्या, मुख्य भूकंपाच्या मागून येतात आणि त्यांची वागणूक बरीचशी ठरलेली असते. जपानचे भूकंपतज्ज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की मुख्य भूकंपानंतर जसा काळ जातो तसतशी पश्चात धक्क्यांची संख्या एका नियमाने घटत जाते. पुढे असेही आढळले की सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य भूकंपापेक्षा साधारणतः १.२ ने कमी महत्तेचा असतो. भूकंपमालिकेत असा मुख्य भूकंप नसतोच. मोठे आणि लहान धक्के कोणत्याही क्रमाने येतात, संख्या वाढते, ओसरते, पुन्हा वाढते. शिवाय शिलारसाने घडवलेली मालिका जागाही बदलते, कारण भित्तीचे टोक पुढे सरकते तसे भूकंपांचे ठिकाणही सरकते. पश्चात धक्क्यांचा पसारा मात्र मुख्य भूकंपात जो विभंग, म्हणजे खडकांतील सरकती भेग, सरकला त्याच्याच आसपास राहतो. घडामोड चालू असताना हा फरक लगेच ओळखू येतो असे नाही. नकाशावर तासातासाचे बिंदू मांडल्यावर तो दिसू लागतो.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, दीड-दोन किलोमीटर पाण्याखाली होणारे एवढे लहान भूकंप मोजतात तरी कसे? आणि हे तंत्र नव्हते तेव्हा ते होत नव्हते, की कळत नव्हते?
— निवृत्त अभियंता, नाशिक

होत होते, कळत नव्हते. जमिनीवरच्या भूकंपमापकांना महासागराच्या मध्यावरचे चार-साडेचार महत्तेपेक्षा लहान भूकंप क्वचितच नीट दिसतात, आणि समुद्रतळ पसरताना होणारे बहुसंख्य भूकंप त्याहून लहान असतात. त्यामुळे अनेक दशके असा समज होता की जलमग्न रांगा मधूनमधून तेवढ्या हालतात.

हा समज बदलला तो शीतयुद्धाच्या एका उपकरणामुळे. अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुड्यांची चाहूल घेण्यासाठी समुद्रात जलध्वनिग्राहकांचे, म्हणजे पाण्यातील आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनचे, जाळे टाकले होते. त्याचे नाव सोसस. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो, आणि काही विशिष्ट खोलीवर तापमान व दाब यांच्या मेळामुळे असा एक थर तयार होतो की त्यात शिरलेला आवाज वर-खाली विखुरला न जाता हजारो किलोमीटर जाऊ शकतो. समुद्रतळावर झालेल्या लहानशा भूकंपाची ऊर्जा ध्वनी होऊन या थरात शिरते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामानविषयक सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांना हे नौदलाचे जाळे वापरण्याची मुभा मिळाली. जून १९९३ मध्ये ओरेगन राज्यातील न्यूपोर्ट येथून प्रत्यक्ष वेळेतील ऐकणे सुरू झाले आणि काही दिवसांतच हुआन दे फुका रांगेच्या एका भागातून भूकंपांचा गलका ऐकू आला. जहाजे तेथे गेली तेव्हा समुद्रतळावर ताजा लाव्हा आढळला. माणसाने मध्य-महासागरी उद्रेक घडत असताना ऐकण्याची ती पहिली मोठी वेळ होती.

पुढची घटना याच रांगेवरील अ‍ॅक्सियल या ज्वालामुखीची. तो ओरेगनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर आहे आणि त्याचा माथा पाण्याखाली साधारण १,४०० मीटरवर आहे. २५ जानेवारी १९९८ रोजी तेथे मालिका सुरू झाली आणि अकरा दिवसांत ८,२४७ भूकंप नोंदले गेले. त्यांचे ठिकाण ज्वालामुखीच्या दक्षिण बाजूने सुमारे ५० किलोमीटर सरकत गेले. या उद्रेकातील एक गोष्ट मला विशेष आवडते. समुद्रतळावर दाब मोजण्यासाठी ठेवलेले एक यंत्र वाहत आलेल्या लाव्ह्यात सापडले. पाण्यात लाव्ह्याचा पृष्ठभाग ताबडतोब थिजतो, त्यामुळे यंत्र वितळले नाही. उलट खाली भरत जाणाऱ्या लाव्ह्याने ते तीन मीटरहून अधिक वर उचलले आणि लाव्हा ओसरल्यावर पुन्हा खाली आणले. हा सर्व प्रकार अडीच तासांच्या आसपास चालला आणि यंत्राने तो नोंदवूनही ठेवला. पुढच्या वर्षी ते थिजलेल्या खडकातून ओढून काढण्यात आले. एखाद्या उद्रेकाचे असे आतून मिळालेले मोजमाप ठरवून मिळाले नसते.

आज या ज्वालामुखीवर किनाऱ्यापासून टाकलेली वीज आणि माहितीची केबल पोहोचली आहे, आणि भूकंपमापक, दाबमापक व हायड्रोफोन सतत नोंदी पाठवत असतात. ही व्यवस्था २०१४ च्या अखेरीस कार्यान्वित झाली आणि काही महिन्यांतच तिची परीक्षा झाली. २०१५ च्या उद्रेकापूर्वी दैनंदिन भूकंपांची संख्या पाचशेच्या आतून वाढत दोन हजारांच्या जवळ गेली होती. २४ एप्रिल २०१५ या एका दिवशी सुमारे आठ हजार भूकंप झाले आणि शिलारस बाहेर निघून गेल्यामुळे कॅल्डेराचा, म्हणजे माथ्यावरील खोलगट भागाचा, तळ जवळजवळ २.४ मीटर खचला. त्यानंतर लाव्हा पाण्याला भिडताना होणारे हजारो स्फोटक आवाजही ऐकले गेले. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: उद्रेकाआधी भूकंप ओहोटीच्या वेळी अधिक होत होते. भरतीचे पाणी तळावर दाब देते. ओहोटीला तो दोन-तीन मीटर पाण्याइतका कमी होतो, आणि आधीच फुटण्याच्या बेतात असलेल्या विभंगाला तेवढा फरक पुरतो.

या सर्वांतून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘अमुक ठिकाणी एवढे हजार भूकंप’ अशी बातमी वाचताना ते कोणत्या यंत्रांनी टिपले आणि किती लहान धक्क्यांपर्यंत मोजणी झाली, हे पाहिल्याशिवाय दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडू नयेत. जेथे केबल आहे तेथे आठ हजार दिसतात. त्याच मालिकेची नोंद दूरच्या जमिनीवरील केंद्रांवरून केली असती तर कदाचित काही डझनच दिसले असते.

अ‍ॅक्सियलचे पुढचे काय, हेही काही वाचकांनी विचारले आहे. दोन उद्रेकांच्या दरम्यान हा ज्वालामुखी शिलारस भरत गेल्याने फुगतो. विल्यम चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी त्या फुगवट्याच्या आधारे २०१५ मध्ये उद्रेक होईल असे २०१४ मध्येच सांगितले होते आणि ते खरे ठरले. त्यानंतरचा उद्रेक २०२५ संपण्याआधी होईल असा त्यांचा अंदाज होता. फुगण्याचा आणि भूकंपांचा वेग अपेक्षेइतका न राहिल्याने तो त्यांना पुढे ढकलावा लागला. जगातील सर्वांत बारकाईने पाहिला जाणारा जलमग्न ज्वालामुखीही तारीख सांगून फुटत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ओरेगनसमोरच्या समुद्रात एका दिवसात पाच महत्तेहून मोठे अनेक भूकंप झाले. आमच्या मराठी मंडळात तेव्हापासून ‘तो मोठा भूकंप’ जवळ आल्याची चर्चा थांबलेली नाही. दुसरे काही जण म्हणतात की लहान भूकंपांनी ताण सुटतो, म्हणजे ते चांगलेच. यातले खरे काय?
— सिअ‍ॅटल परिसरातील वाचक

दोन्ही मते चुकीची आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी.

७ आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी झालेली मालिका ब्लँको या विभंगावरची होती. तिच्यातील सर्वांत मोठा धक्का ५.८ महत्तेचा होता. ब्लँको सुमारे ३५० किलोमीटर लांब असून तो हुआन दे फुका आणि गोर्डा या दोन जलमग्न रांगांना जोडतो. येथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जात नाहीत किंवा एकमेकांवर चढतही नाहीत. ते शेजारून घासत जातात. अशा आडव्या सरकण्यात समुद्रतळ फारसा वर-खाली होत नाही आणि म्हणून पाण्याचा मोठा स्तंभ उचलला जात नाही. त्सुनामीचा इशारा त्या वेळी दिला गेला नाही त्यामागे हेच कारण आहे. शिवाय ब्लँकोवरील हालचालीचा बराचसा भाग भूकंपाविना, संथ घसरणीने होतो. सात महत्तेचा भूकंप या विभंगावर नोंदला गेलेला नाही. अमेरिकेलगतच्या सर्वाधिक हालणाऱ्या विभंगांत त्याची गणना होते, आणि म्हणूनच तेथील मालिका ही बातमी असली तरी आश्चर्य नाही.

आपल्या मंडळात ज्याची चर्चा होते तो भूकंप मात्र ब्लँकोचा नाही. तो कॅस्केडिया पट्ट्याचा आहे, जेथे हुआन दे फुका भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली घुसतो. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकापासून व्हँकुव्हर बेटापर्यंत हा पट्टा सुमारे हजार किलोमीटर पसरला आहे. त्याचा शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला आणि त्याची महत्ता नऊच्या आसपास होती. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या लाटा जपानच्या किनाऱ्यावर पोहोचल्या आणि तेथील कारभाऱ्यांनी भूकंप न जाणवताच आलेल्या लाटांची लेखी नोंद ठेवली. वॉशिंग्टन-ओरेगनच्या किनाऱ्यावर जमीन एकदम खचून खाऱ्या पाण्यात मेलेल्या देवदारांचे बुंधे आजही उभे आहेत, आणि त्यांच्या वर्तुळांवरून मिळणारा काळ या नोंदींशी जुळतो. ब्लँको या भूपट्टाच्या पश्चिम-दक्षिण कडेला आहे आणि कॅस्केडिया पूर्व कडेला. दोन्ही एकाच भूपट्टाच्या सीमा असल्या तरी एका कडेवरील पाच-साडेपाच महत्तेचे धक्के दुसऱ्या कडेवरील ताणात नगण्य फरक करतात.

मला यात अधिक लक्षात ठेवण्यासारखे वाटते ते वेगळेच आहे. कॅस्केडियाच्या मुख्य सीमेवर लहान भूकंप आश्चर्यकारकरीत्या कमी होतात. तेथे खडक घट्ट अडकून बसले आहेत, आणि ताण साठत असताना ती सीमा जवळजवळ गप्प आहे. ब्लँकोवर सतत आवाज आहे म्हणून भीती वाटते आणि कॅस्केडिया शांत म्हणून विसरायला होतो. प्रत्यक्षात धोक्याचे गणित याच्या उलट आहे.

आता ताण सुटण्याचा मुद्दा. महत्तेत एकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट वाढ, आणि दोनाची वाढ म्हणजे हजार पट. नऊ महत्तेच्या एका भूकंपाची ऊर्जा पाच महत्तेच्या भूकंपांत वाटायची म्हटले तर असे दहा लाख भूकंप लागतील. एका दिवसातील चाळीस-पन्नास धक्क्यांनी, आणि तेही दुसऱ्याच विभंगावरच्या, हा हिशेब हलत नाही.

वॉशिंग्टन-ओरेगनच्या खुल्या किनाऱ्यावर असताना जमीन मिनिटभराहून अधिक जोरात हलत राहिली तर अधिकृत इशाऱ्याची वाट न पाहता पायी उंच जागी जावे; तेथे पहिली लाट पंधरा ते तीस मिनिटांत येऊ शकते. मालिकांच्या बातम्यांपेक्षा या एका गोष्टीची तालीम आपल्या मंडळाने करावी, असे सुचवतो.

म्हणजे भूकंपमालिका कधीच मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना नसते, असे वर्गात सांगावे का?
— भूगोलाचे शिक्षक, कोल्हापूर

नाही, तसे सांगू नये. भूपट्टाच्या सीमेचा प्रकार पाहून उत्तर बदलते.

जेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तेथे माथ्याखालचा खडक तापलेला असतो आणि ठिसूळ थर पातळ असतो. भूकंपाची महत्ता सरकलेल्या विभंगाच्या क्षेत्रफळावर आणि सरकण्यावर अवलंबून असते. पातळ थरात मोठे क्षेत्रफळच मिळत नाही, म्हणून अशा ठिकाणची मालिका कितीही दीर्घ असली तरी ती महाभूकंपात परिणत होत नाही. मात्र उद्रेकात परिणत होऊ शकते, आणि जेथे ही सीमा जमिनीवर येते तेथे त्याला महत्त्व असते. आइसलँडमध्ये मध्य-अटलांटिक रांग रेक्यानेस द्वीपकल्पावर पाण्याबाहेर येते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तेथे मालिका सुरू झाली. १० नोव्हेंबरला सुमारे १५ किलोमीटर लांबीची भित्ती ग्रिंडाविक या गावाखाली शिरली आणि जवळजवळ ३,८०० लोकांचे ते गाव त्याच रात्री रिकामे करण्यात आले. उद्रेक १८ डिसेंबरला झाला. तेथे मालिका वाचता आली म्हणूनच माणसे वेळेत हलली.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तेथे प्रकरण अधिक बिकट आहे. चिलीच्या उत्तर किनाऱ्यासमोर मार्च २०१४ मध्ये मालिका चालू होती. १६ मार्चला ६.७ महत्तेचा धक्का बसला, नंतरचे धक्के सरकत गेले, आणि १ एप्रिलला इकीकेजवळ ८.२ महत्तेचा भूकंप झाला. जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर ९ मार्च २०११ रोजी ७.३ महत्तेचा धक्का आणि त्यामागून अनेक लहान धक्के झाले. दोनच दिवसांनी नऊ महत्तेचा महाभूकंप आला. घासत जाणाऱ्या सीमांवरही असे घडते. पूर्व पॅसिफिक रांगेवरील गोफार विभंगावर साधारण सहा महत्तेचा भूकंप पाच-सहा वर्षांनी जवळजवळ ठरल्यासारखा होतो. २००८ मध्ये तो होण्यापूर्वीच्या आठवड्यात समुद्रतळावरच्या यंत्रांनी हजारो लहान पूर्वधक्के टिपले होते.

आता याच्या दुसऱ्या बाजूचे उदाहरण. जपानमध्येच टोकियोजवळच्या बोसो द्वीपकल्पासमोर काही वर्षांच्या अंतराने भूपट्टांची सीमा भूकंपाविना, दिवसेंदिवस संथपणे घसरते आणि तिच्या सोबतीने लहान भूकंपांची मालिका होते. १९९६, २००२, २००७, २०११, २०१४, २०१८ आणि २०२४ मध्ये हे घडले, आणि यांपैकी एकाही मालिकेतून महाभूकंप उपजला नाही. इकीके आणि बोसो यांतली कोणती मालिका आपल्यापुढे आहे हे ती चालू असताना खात्रीने ओळखण्याची रीत अद्याप हाती आलेली नाही. म्हणून जबाबदार संस्था भाकीत न करता शक्यता वाढल्याचे सांगतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्यूगानादा समुद्रात ७.१ महत्तेचा भूकंप झाल्यावर जपानच्या हवामान संस्थेने देशाच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या नानकाई पट्ट्यासाठी प्रथमच अशी सूचना दिली, आठवडाभर ती ठेवली आणि मग मागे घेतली. मोठा भूकंप आला नाही, म्हणून सूचना फसली असे म्हणणे योग्य नव्हे. सूचनेत ‘येणारच’ असे कोठेही म्हटले नव्हते. वर्गात विद्यार्थ्यांना हा फरक पटवता आला तर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

जुलै २०२५ मध्ये जपानवर संकट येणार अशी अफवा होती आणि त्याच सुमारास तेथे भूकंपमालिका झाली. हा योगायोग म्हणावा का?
— गृहिणी, पुणे

होय. कागोशिमाच्या दक्षिणेकडील तोकारा बेटांजवळ जून २०२५ च्या उत्तरार्धात मालिका सुरू झाली, जाणवलेल्या धक्क्यांची संख्या हजारावर गेली आणि काही रहिवाशांना बेट सोडावे लागले. या बेटांजवळ अशा मालिका यापूर्वीही झाल्या आहेत. अफवेत सांगितलेल्या ५ जुलैला संकट आले नाही.

आपल्या देशाच्या समुद्रात अशी मालिका कधी झाली आहे का? गोव्यातील शास्त्रज्ञ यावर काम करतात असे ऐकले आहे.
— वाचक, पणजी

आधुनिक उपकरणांनी नोंदलेल्या मालिकांपैकी सर्वांत जोरदार मालिकांतली एक आपल्याच अंदमान समुद्रात झाली. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर बरोबर एक महिन्याने, २६ जानेवारी २००५ पासून ३१ जानेवारीपर्यंत, निकोबार बेटांच्या पूर्वेला पाच किंवा त्याहून अधिक महत्तेचे दीडशेहून अधिक भूकंप झाले. एन्डेव्हर किंवा अ‍ॅक्सियलच्या हजारो धक्क्यांशी तुलना करताना हे ध्यानात घ्यावे की येथे केवळ पाचच्या वरचे मोजले आहेत. त्यांच्या खालची, दूरच्या केंद्रांना न दिसलेली संख्या कितीतरी मोठी असणार.

अंदमान समुद्राची रचना गुंतागुंतीची आहे. पश्चिमेला भारतीय भूपट्ट बेटांखाली घुसतो, त्या घुसण्याची दिशा तिरकी असल्याने बेटांचा पट्टा मागच्या भूभागापासून सुटून उत्तरेकडे सरकतो, आणि या ओढाताणीत समुद्राच्या मध्यभागी सुमारे चाळीस लाख वर्षांपासून नवा तळ तयार होत आहे. म्हणजे घुसणारी, घासणारी आणि दूर जाणारी अशा तिन्ही प्रकारच्या सीमा काहीशे किलोमीटरांत एकत्र आहेत. २००४ च्या भूकंपाने घुसणाऱ्या सीमेवरचा ताण मोकळा केला, तेव्हा मागच्या बाजूच्या विभंगांवरील दाब बदलला आणि ती मालिका सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिच्यातून त्सुनामी आली नाही.

आपण ऐकले ते खरे आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या समुद्राच्या तळाचे नकाशे तयार केले आहेत, तेथील जलमग्न ज्वालामुखी शोधले आहेत आणि समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून नोंदी घेतल्या आहेत. मार्च २०१४ मध्ये निकोबारजवळ झालेली मालिका अशा यंत्रांच्या टप्प्यात आली. तिचा संबंध त्यांनी घासत जाणाऱ्या विभंगाच्या पट्ट्यातून वर चढणाऱ्या शिलारसाशी जोडला आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर आहे तशी कायमची केबल अंदमान समुद्रात टाकली तर असे निष्कर्ष महिन्यांनी नव्हे तर तासांत काढता येतील. खर्च मोठा आहे, पण २००४ नंतर त्या खर्चाचे समर्थन करणे अवघड नसावे.

आमच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्के बसत आहेत. आम्हीही भूपट्टाच्या सीमेवर आहोत का?
— शेतकरी, डहाणू

नाही. भारतीय भूपट्टाची सर्वांत जवळची सीमाही आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्याकडील धक्के हीसुद्धा मालिकाच आहे, कारण त्यात मुख्य भूकंप नाही आणि मोठ्यांतले मोठे धक्के चार महत्तेच्या आसपास राहिले आहेत; पण तिच्यामागे शिलारस नाही. जुन्या भेगांमध्ये जमिनीखालील पाण्याचा दाब वाढला की अडकलेले खडक सुटतात, हे या मालिकेचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. कोयनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. मात्र तो जलाशयाशी निगडित भूकंप होता आणि तेथील विभंगाचे स्वरूप वेगळे आहे. आपल्याकडे प्रश्न धक्क्यांच्या संख्येपेक्षा घरांचा आहे: मातीच्या, विटांच्या आणि जड छपरांच्या भिंतींना चार महत्तेचा उथळ धक्काही थेट खाली झाला तर तडे देतो, आणि प्रत्येक नव्या धक्क्याने जुने तडे रुंदावतात. तडे गेलेल्या भिंतीलगत झोपू नये आणि दुरुस्ती करताना आडवे पट्टे घालून भिंती एकमेकांना बांधून घ्याव्यात.

अरबी समुद्रात अशी रांग आहे का, आणि तिच्यामुळे कोकण किनाऱ्याला धोका आहे का?
— मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, रत्नागिरी

आहे. तिचे नाव कार्ल्सबर्ग रांग. १९२८ ते १९३० या काळातील डेन्मार्कच्या ‘डाना’ सागरी मोहिमेला कार्ल्सबर्ग बियर कंपनीच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते आणि हे नाव त्यावरून पडले. रत्नागिरीपासून ती दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर, नैर्ऋत्येला आहे. येथे भारतीय भूपट्ट आणि आफ्रिकेकडील सोमाली भूपट्ट वर्षाला तीनेक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे कमी अंतराने दूर जात आहेत. मध्यम आकाराचे भूकंप तेथे नेहमीचे आहेत. १५ जुलै २००३ रोजी तर ७.६ महत्तेचा भूकंप झाला, जो मध्य-महासागरी रांगांच्या मानाने फारच मोठा होता, म्हणून या रांगांवर मोठे काही होतच नाही असेही मानू नये. पण ती हालचाल आडवी होती आणि आपल्या किनाऱ्यावर तिचा काही परिणाम झाला नाही.

कोकणाच्या दृष्टीने पाहायची ती सीमा उत्तरेला आहे. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यासमोर मकरान पट्ट्यात अरबी भूपट्ट युरेशियाई भूपट्टाखाली घुसतो. नोव्हेंबर १९४५ च्या अखेरीस, आपल्या घड्याळाप्रमाणे २८ तारखेच्या पहाटे, तेथे ८.१ महत्तेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या. तेथे माणसेही दगावली. हैदराबाद येथील इन्कॉइस या संस्थेतील त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून मकरान आणि अंदमान-सुमात्रा या दोन्ही पट्ट्यांवर चोवीस तास लक्ष ठेवते. हिंदी महासागरात साडेसहा किंवा त्याहून अधिक महत्तेचा भूकंप झाला की ते काही मिनिटांत पहिली सूचना काढते आणि समुद्रतळावरील दाबमापकांची नोंद पाहून ती कायम ठेवते किंवा मागे घेते. १९४५ मध्ये लाटांना मुंबईला यायला चार-पाच तास लागले होते. म्हणजे मकरानच्या भूकंपात आपल्या होड्यांना खोल पाण्यातच थांबण्याचा निरोप देण्याइतका आणि बंदरावरची माणसे हलवण्याइतका वेळ हाती असतो. तो निरोप रात्री कोणी, कोणत्या वायरलेसवर द्यायचा हे सोसायटीने बंदर खात्याशी बोलून आधीच ठरवून ठेवावे.